एकाने कापायचं, दुसऱ्याने उचलायचं

आमच्या वाडीत भांडण झालं की लोक माझ्याकडे येतात. मी वकील नाही, सरपंच नाही, शिंपी आहे. बाजारात लहानसं दुकान, दोन मशिनी, भिंतीला शाळेचे गणवेश लटकलेले. तरी येतात. कोणाच्या माडाचं झावळं कोणाच्या कौलांवर पडलं, हद्दीच्या गडग्याचा दगड कोणी हलवला, दोन जावांनी एकमेकींचं तोंड बघणं टाकलं. येतात, मशिनीशेजारच्या बाकड्यावर बसतात, आणि एकाने सुरुवात केली की दुसरा मध्येच तोंड घालतो. मी मशीन थांबवत नाही. शिवण मारता मारता ऐकतो. दोघांची वाफ निघून गेली की दोरा तोडतो आणि बोलतो.

बोलतो ते माझ्या पदरचं नसतं. आम्ही किरिस्ताव. लहानपणापासून इगर्जीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलातलं जे ऐकलं तेच पुढे सांगतो. भावाने तुझा अपराध केला ना? मग आधी एकटा जा. तो आणि तू, तिसरा माणूस नको. ऐकलं त्याने तर भाऊ परत मिळाला. नाही ऐकलं तर दोघा शहाण्यांना घेऊन जा. तरीही नाही, तर मग सगळ्या मंडळीपुढे. लोक नेमकं याच्या उलटं करतात. आधी तिठ्यावर सांगतात, मग पोलिसात जातात, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याला शेवटी कळतं. मेल्यांनो, भाऊ काय शेवटच्या बाकावरचा पाहुणा आहे?

यात आणखी एक आहे. अपराध तूच केला असशील, तर दान वेदीपुढे तसंच ठेव, आधी त्याच्याकडे जा, समेट कर, मग येऊन दान दे. हेही मी लोकांना सांगतो. सांगताना मात्र सुईकडे बघतो.

कारण मी स्वतः तीन वर्षं गेलो नव्हतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते कसं झालं ते आता लिहून काढतो. लिहिताना रडू वगैरे येईल असं वाटलं होतं. काही येत नाही. लिहून मोकळं व्हावं म्हणतात, तेही बहुतेक होणार नाही.

आमचं गाव म्हणजे वाळूची एक पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. आमची जमीन या अंगापासून त्या अंगापर्यंत पसरलेली. समुद्राच्या बाजूला घर आणि घरामागे विहीर, तिला आम्ही बाव म्हणतो. वाळूतली बाव, पण पाणी बारा महिने गोड. खाडीच्या बाजूला माड, एक मांगर, म्हणजे नारळ आणि जळाऊ लाकूड ठेवायची जुनी पडवी, आणि दुसरी बाव. आईवडील गेल्यावर हे सगळं आम्हा दोघा भावांचं.

धाकटा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वीस वर्षं जहाजावर भटारखान्यात होता. नाताळात रजेवर यायचा, महिनाभर राहायचा, मग परत. तोवर आमचं गूळ-खोबरं होतं. तो कायमचा घरी आला, बायको आणि मुलीला घेऊन, आणि वर्षाच्या आत आमचं फाटलं. कारणं सांगायला आता लाज वाटते. पाण्याचा पंप कोणी चालू ठेवला, ओटी कोणी झाडली नाही, कोणाच्या पाहुण्यांनी कोणाचे मासे खाल्ले. माझा स्वभाव तापट. एका दुपारी जेवता जेवता तो काहीतरी बोलला आणि मी त्याचं ताट उचलून अंगणात भिरकावलं. भात, सार, बांगडा, सगळं मातीत. कोंबड्या धावल्या. तो उठला, हात धुतले आणि म्हणाला, "दादा, वाटे कर. नायतर मी कोर्टात जातंय."

कोर्ट हा शब्द आमच्या घरात त्याआधी कोणी उच्चारला नव्हता. ते पाद्रींच्या कानावर गेलं. पाद्री तेव्हा नवे होते, तरुण, वसईकडचे, पुस्तकी मराठी बोलणारे. दुसऱ्याच दिवशी येऊन ओटीवर बसले. म्हणाले, "एका वेदीपुढे गुडघे टेकणारे दोन भाऊ न्यायाधीशापुढे उभे राहिले, तर आपण लोकांना काय तोंड दाखवायचं?" मग त्यांनी शास्त्रातल्या काका-पुतण्याची गोष्ट सांगितली. दोघांची गुरं वाढली, गुराखी भांडू लागले, तेव्हा काकाने पुतण्याला सांगितलं, सगळा मुलूख तुझ्यापुढे आहे, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो, तू उजवीकडे गेलास तर मी डावीकडे. थोरल्याने धाकट्याला आधी निवडू दिलं.

"आमच्या आवशीचो कायदो तोच होतो," धाकटा म्हणाला. खरं होतं ते. आई तळलेल्या सुरमईची मोठी तुकडी एकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, एकान कापूचा, दुसऱ्यान उचलूचा. थोरला म्हणून कापायचं काम माझं. धाकटा उचलायचा. तो नेहमी माझ्याकडची तुकडी सोडून दुसरी उचलायचा, मग ती केवढी का असेना. हे मला सातवी-आठवीत असतानाच कळलं होतं. कळल्यावर मी मोठी तुकडी माझ्याकडे ठेवून कापायला लागलो.

पाद्री खूश झाले. म्हणाले, मग जमिनीचंही तसंच करा. धाकटा कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघून हसला. "दादाच कापतलो," म्हणाला. "तेचो धंदोच तो."

मी कापलं. गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरत आला होता, सगळ्या बावी तोंडापर्यंत भरलेल्या. चार दिवस मी लांब फीत घेऊन फिरलो. रेघ मधोमध आडवी मारली. समुद्राकडचा एक वाटा, खाडीकडचा एक. गुंठे सारखे. समुद्राकडे जुनं घर, म्हणून खाडीकडे माड जास्त दिले. खाडीकडे मांगर, होडी लावायला जागा आणि रस्ताही जवळ. कोणीही बघितलं असतं तर म्हणाला असता, खाडीकडचा वाटा उजवा आहे. पाद्री तसं म्हणालेही. आणि दोन्ही वाट्यांत एकेक बाव. याहून सारखं काय असणार?

फक्त एक गोष्ट होती. खाडीकडची बाव शिमगा झाला की खारट व्हायची. पहिल्यापासून नव्हे. खाडीत वाळूचा उपसा सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे त्याआधीची दोन-तीन वर्षं. पाऊस पडेपर्यंत ते पाणी तोंडात धरवत नसे. आम्ही ते फक्त माडांना सोडायचो, माडांना चालतं, म्हणून बाहेर कोणाला पत्ता नव्हता. मला माहीत होतं आणि माझ्या बायकोला. धाकटा यायचा नाताळात, तेव्हा बाव गोड असायची. घरी राहायला आला त्या वर्षी तर आम्ही सगळे मागच्या दारच्या बावीचंच पाणी प्यायलो. खाडीकडच्या बावीत एक घागरही कोणी बुडवली नव्हती.

तो मला माझ्या राहत्या जागेवरून हलवणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तसंच झालं. पाद्रींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी खाडयेकडचो घेतंय. दादा थंय ऱ्हवता, तेका कित्याक हलवूचा?" जमिनीकडे त्याने बघितलंही नाही. माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी बायको चुलीपाशी मासे तळत होती. तिने मान न वळवता विचारलं, "बावीचा सांगलास?"

"कोणी इचारूक नाय," मी म्हणालो.

तिने तुकडी उलटली. "तुमी बरे शिंपी," ती म्हणाली. "अस्तर फाटला तरी भायर इस्त्री कडक."

मी खवळलो. बायकांनी वाट्यांत बोलू नये, असं काहीतरी ओरडलो. तिने शेवटची तुकडी माझ्या पानात टाकली आणि तवा उतरवला.

कागद झाले. पुढच्या रविवारी पाद्रींनी प्रवचनात आमची गोष्ट सांगितली. नावं घेतली नाहीत, पण सगळी इगर्ज माझ्याकडे वळून बघत होती. भांडण कसं न्यायाने सोडवावं याचं उदाहरण म्हणून. बाहेर आल्यावर लोकांनी हात हातात घेतले. तेव्हापासून ते बाकड्यावर येऊन बसू लागले. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. काम जमतही होतं. कित्येक भांडणं मी खरोखरच न्यायाने सोडवली. दोन चुलतभाऊ, पंधरा वर्षं बोलत नव्हते, त्यांना एका होडीत बसवून दिलं. दुसऱ्याच्या जमिनीत मला काही लपवायचं नसायचं, म्हणून नजर साफ असायची.

धाकट्याने मांगर पाडून तिथे घर बांधलं. लहान, पण नीटस. जहाजावरच्या स्वयंपाकघरासारखी सगळी भांडी भिंतीला खुंट्यांवर. पहिला नाताळ आम्ही तिथेच जेवलो. मग इस्टरच्या आधी एका सकाळी धाकट्याची बायको हातात पेला घेऊन आमच्या दारात आली. "दादानू, ह्या पाणी चाखून बघा," म्हणाली. मी चाखलं. तोंड वाकडं केलं. "खारा लागता," मी म्हणालो, जसं काही पहिल्यांदाच कळतंय.

तिथेच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी तो पेला तिच्या हातात परत दिला.

धाकट्याला वाटलं, वाळूवाल्यांनी यंदाच बाव बिघडवली. त्याने बाव आणखी खोल केली, तर पाणी आणखी खारट झालं. मग तालुक्याला अर्ज द्यायचं ठरवलं. त्याचं लिहिणं यथातथाच, म्हणून माझ्याकडे आला. दुकान बंद करून मी तो अर्ज लिहून दिला, चांगल्या वळणदार अक्षरात. 'आमच्या विहिरीचे पाणी चालू वर्षापासून खारट झाले आहे.' चालू वर्षापासून. वाटे केले तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो, नुसता गप्प होतो, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. अर्जात मात्र खोटं लिहिलं, आणि त्याखाली त्याने सही केली. तो अर्ज घेऊन माझा भाऊ दोन वर्षं कचेरीचे उंबरठे झिजवत होता.

पाणी आमच्या बावीवरून जायला लागलं. पहिल्या दिवशी धाकट्याने विचारलं, "दादा, दोन कळश्यो व्हरू?" मी म्हणालो, "इचारतंस काय रे? बाव तुझीच आसा." त्याचे डोळे भरून आले. माझे नाही. शिमग्यापासून मिरगाचा पाऊस पडेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ, त्याची बायको डोक्यावर एक, कमरेवर एक अशा घागरी घेऊन माझ्या अंगणातून जायची. पाइप टाकूया म्हटलं, तर धाकटा म्हणायचा, नको, तुझी मोटर जळात, उन्हाळ्यात पाणी खाली जाता. भरून झालं की ती ओटीकडे वळायची आणि म्हणायची, "देव बरां करो, दादानू."

दिवसातून दोनदा. तीन उन्हाळे.

पहिल्या वर्षी ते ऐकायचा त्रास व्हायचा. मी तेवढ्या वेळापुरता घरात जाऊन बसायचो, पण ती दारातून हाक मारून सांगायची. दुसऱ्या वर्षी कमी झालं. तिसऱ्या वर्षी काहीच होईना. सुई टोचून टोचून आमच्या बोटाचं कातडं जाड होतं, पुढे टोचलेलं कळत नाही. मी "बरां, बरां" म्हणायचो आणि पेपर वाचायचो. त्या काळात मला कशाचंच फारसं काही वाटत नसे. मुलाला मुंबईत नोकरी लागली तेव्हाही नाही. बायको पेढे वाटत होती आणि मी मनात म्हणत होतो, आता आनंद व्हायला हवा.

मग एका दुपारी धाकटा दुकानात आला आणि त्या बाकड्यावर बसला. मला वाटलं, कोणाशी तरी वाजलं असेल. तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. मग म्हणाला की जमीन विकायची ठरवतोय. कोणी हॉटेलवाला मागे लागला होता, त्यांना पाण्याची काळजी नसते, ते टँकर आणतात. बायकोचं माहेर वेंगुर्ल्याला, तिथे भाड्याने खोली घ्यायची. आणि तो स्वतः परत जहाजावर जाणार होता, या वयात, कोणी घेतलं तर.

"तिची मान दुखता," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणता घागर नको. आणि तुझ्या दारात किती वर्षां येवचा? तू कायव म्हणणस नाय, पण आमकाच बरा दिसणा नाय."

मी मशीन मारत राहिलो.

"तू नको म्हणशीत तर नाय इकणय," तो म्हणाला. "तू सांगशीत तसा. अख्खो गाव तुका इचारता, मी नको इचारू?"

"इचार करून सांगतंय," मी म्हणालो. तो गेल्यावर बघितलं तर गणवेशाची कॉलर उलटी लावली होती. ती उसवली आणि परत लावली, आणि पुन्हा उलटीच लावली.

घरी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "लोकांक सांगतास, आदी एकटो जा," ती म्हणाली. "तुमका पाय नाय काय ओ? पन्नास पावलांवर भाव ऱ्हवता." मी चिडलो नाही. चिडायलाही काहीतरी लागतं आत.

दोन दिवसांनी रविवार. इगर्जीत मिस्साची उपासना चालू होती. दानाची वेळ झाली, लोक ओळीने पुढे जायला लागले. माझ्या हातात बागेतल्या केळ्यांचा फणा होता, आमच्याकडे उन्हाळ्यात असं काहीबाही नेतात. मी वेदीपर्यंत गेलो, फणा पायरीवर ठेवला आणि जागेवर परत जाण्याऐवजी बाजूच्या दाराने बाहेर पडलो. लोकांना वाटलं असेल, पोट बिघडलं. त्या दारातून बाहेर पडताना मी काही थोर ठरवलं होतं असं नाही. धाकटा त्या दिवशी मिस्साला नव्हता, एवढंच डोक्यात होतं. त्याची बायको होती, म्हणजे तो घरी एकटा असणार. एकटा जायचं तर आज.

तो बावीच्या काठावर बसून पंप उघडून पुसत होता. अकराचं ऊन. मी उभाच राहिलो.

"ही बाव तू येवच्या आदीच खारी होती," मी म्हणालो. "माका म्हायत होता. वाटे केलंय तेव्हा म्हायत होता. अर्जातव मी खोटा लिवलंय."

तो पंप पुसत राहिला. एक वायसर काढला, फुंकर मारली, कापडावर ठेवला.

"कितकी वर्षां आदी?"

"दोन-तीन."

"वयनीक म्हायत?"

"होय. ती सांग म्हणा होती. मी सांगूक नाय."

त्याने दुसरा वायसर काढला. मला वाटत होतं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडण्याचं काय करायचं ते मला माहीत आहे. तो ओरडेना, म्हणून मीच बोलत सुटलो. म्हणालो, मला वाटलं, तू काय, ल्हानपणापासून ल्हान वाटोच उचलतंस, तुका कमी चलता, माझ्यासाठी सोडतंस.

तेव्हा त्याने मान वर केली. त्याला खरंच समजलं नव्हतं.

"ल्हान?" तो म्हणाला. "माका काय म्हायत ल्हान खंयचो नि मोठो खंयचो? मी कधी बघलंयच नाय. कापणारो तू होतंस मां? मगे तेच्यात बघूचा काय?"

असं म्हणून त्याने एक वायसर परत जागेवर बसवला. मग पंपाकडे बघतच म्हणाला, "आतां बघूक लागतला."

त्या क्षणी मला लागलं. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी लागलं, छातीत, खूप आत, आणि लगेच गेलं. मी म्हणालो, अदलाबदल करूया, माझा वाटा तू घे, घरासकट, गोड बावीसकट, मी इकडे येतो, खारं पाणी पितो. मी ते मनापासून म्हणालो. निदान तेव्हा तसं वाटलं.

"तुझो वाटो माका नको," तो म्हणाला. "माझो व्हयो. ह्या टायमाक मी कापतंय. उचलूचा तुया."

हॉटेलवाल्याला त्याने नाही म्हणून सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून दोरी, खुंट्या आणि फीत घेऊन मोजायला लागला. पुरते तीन आठवडे. माझ्या अंगणात यायचा, काम असेल तेवढं बोलायचा. "ह्या माडाक नारळ किती लागतत?" "पावसात पाणी खंयपर्यंत येता?" मी सांगायचो. मग तो जाऊन तेच माझ्या बायकोला विचारायचा. ती तेच सांगायची. मग वहीत लिहायचा. पाइप तर त्याने पहिल्याच दिवशी टाकला, मला न विचारता, आणि मीही काही बोललो नाही. त्याची बायको अंगणातून यायची बंद झाली. बाजारात दिसली तर मान हलवते. देव बरां करो म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. त्याने हे बाहेर कोणालाही सांगितलं नाही. पाद्रींना नाही, वाडीत नाही. मी एकदा म्हणालो, तू हवं तर इगर्जीत सगळ्यांपुढे सांग, मी उभा राहतो. तर म्हणाला, "तू एकटो इलंस, मी ऐकलंय. झाला. मंडळी कशाक?" नियमाप्रमाणे ते अगदी बरोबर होतं. म्हणून लोक अजून माझ्याकडेच येतात. मी त्यांना दोनदा सांगून बघितलं की मी हे काम आता करणार नाही. ते म्हणाले, असं कसं, आणि बसले.

वाटे उचलायच्या दिवशी आम्ही दोघेच होतो. सकाळची वेळ. घरं जिथल्या तिथे ठेवून बाकी सगळं त्याने उभं कापलं होतं, समुद्रापासून खाडीपर्यंत, एक वाटा दक्षिणेचा, एक उत्तरेचा. रेघ गोड बावीच्या मधून गेली होती, पुढे जरा वळून खाऱ्या बावीच्याही मधून. गोड पाणी अर्धं, खारं अर्धं. जिथे एका बाजूला म्हातारा माड गेला तिथे दुसऱ्या बाजूलाही तसाच एक घेतला होता. होडीची जागासुद्धा दोघांना मिळेल अशी.

मी एक ठरवून आलो होतो. मी लहान वाटा उचलणार होतो. तोंडाने काही न बोलता, गुपचूप, त्याने आयुष्यभर केलं असं मला वाटत आलं होतं तसं. तेवढं तरी माझ्या हातून व्हावं. दक्षिणेच्या बाजूने मी खाडीपर्यंत चालत गेलो, उत्तरेच्या बाजूने परत आलो. मग उलट्या बाजूने. मग तिसऱ्यांदा. चाळीस वर्षं मी कापड कापतोय, माझ्या नजरेतून सुताएवढं सुटत नाही. पण लहान वाटा काही केल्या सापडेना. तो नव्हताच.

तो गडग्यावर बसून माझ्याकडे बघत होता. "सावकाश बघ," म्हणाला. "घाई नाय."

शेवटी मी दक्षिणेकडे बोट दाखवलं, उगाच, काहीतरी दाखवायचं म्हणून. तो खाली उतरला, फीत उचलली, आणि मी नेमकी तीच बाजू का उचलली असेल ते शोधायला पहिल्या खुंटीपासून परत मोजू लागला.